राईचे अकरा बदली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि धरून चाला, की मे महिना आहे, भर दुपार आहे, आणि तुम्ही ठाण्याच्या मागच्या अंगाला, येऊरच्या डोंगराखाली, एका उजाड उतारावर अनवाणी उभे आहात. अनवाणी का? येताना तुमची चप्पल रस्त्याच्या डांबरात रुतली आणि तिथंच राहिली म्हणून. जमीन इतकी तापली आहे की तुम्ही एकदा डावा पाय उचलता, एकदा उजवा. लांबून कोणी पाहिलं तर म्हणेल, पोरगं काय मजेत नाचतंय. आता तसेच नाचत नाचत समोरच्या झाडांत शिरा. करंजाची सावली आली. एक पाऊल आत टाका आणि थांबा. डोळे उघडू नका. सांगा, मानेवर काय झालं?

कोणीतरी ओला पंचा ठेवला, असं वाटलं ना?

मालूला रोज तसंच वाटायचं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली मालू दहा वर्षांची होती, आणि ती झाडं म्हणजे तिच्या गोमाजीकाकाची राई होती. राई म्हणजे काही मोठं जंगल नव्हे. करंज, ऐन, जांभळं, मधोमध एक म्हातारा उंबर, आणि खाली गुडघाभर वाळका पाला. या टोकाने हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाई, एवढीच. राईच्या खालच्या बाजूला मालूच्या मनूआत्याची वाडी होती आणि वाडीत एक विहीर.

होळी झाली की आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवायच्या. मनूआत्याच्या विहिरीला मात्र मे महिन्यातही पाणी असायचं. त्या पाण्यावर तिचे लाल भोपळे, तिच्या मिरच्या, तिच्या शेळ्या आणि ती स्वतः, सगळे उन्हाळा काढायचे.

"ही विहीर राईच्या जिवावर आहे," आत्या मालूला सांगायची. "राई गेली की विहीर गेली. विहीर गेली की मी गेले कळव्याला, दिराच्या खोलीत."

दिराच्या खोलीत आधीच सात माणसं होती. आत्या आठवी होऊन तिकडे गेली तर मालू शाळेतून आल्यावर कोणाकडे जाणार? मालूला आई नव्हती, आणि तिचे बाबा कामाला जायचे. म्हणून आत्या कळव्याचं नाव घ्यायची तेव्हा मालू पटकन विषय बदलायची.

आता गंमत ऐका. गोमाजीकाका गावाच्या क्रिकेट संघाचा कप्तान होता. टेनिसच्या चेंडूने खेळायचं क्रिकेट, पण थाट असा की विचारू नका. पूर्वी ही मंडळी भात कापून झालं की शेतात खेळायची. मग शेतांत इमारती उभ्या राहिल्या. कळव्याच्या संघाला मैदान होतं, दिव्याच्या संघाला मैदान होतं, आणि आपल्या काकाचा संघ गल्लीत खेळून लोकांच्या पाण्याच्या टाक्या फोडत होता. काकाला रात्रंदिवस एकच ध्यास लागला होता. मैदान.

एका संध्याकाळी त्याने अख्खा संघ उंबराखाली बसवला आणि जाहीर केलं, "ही झाडं काढायची. सोमवारी वखारवाले येतील. इथं पिच, तिथं बाउंड्री."

"आणि माझी विहीर, गोम्या?" आत्या विळा बाजूला ठेवून म्हणाली. ती काकाहून मोठी होती, त्यामुळे कप्तानाला गोम्या म्हणायचा हक्क गावात फक्त तिला होता.

"विहिरीवर फळ्या टाकू, बाय. वर स्कोअरबोर्ड."

संघ हसला. आत्या हसली नाही. मालू एकदम बोलून गेली, "पण काका, झाडांना बदली कोण?"

हे नीट समजायला तुम्हाला मालूचं घर ठाऊक हवं. तिचे बाबा, चंदू, वागळे इस्टेटमधल्या एका पंख्याच्या कारखान्यात बदली कामगार होते. म्हणजे असं, की कारखान्यातला कायमचा कामगार आजारी पडला, गावी गेला, की त्याच्या जागी बाबांना आत घ्यायचे. बाबा रोज सकाळी गेटवर जाऊन उभे राहायचे. आज कोण आलं नाही, यावर त्यांचं सगळं अवलंबून. घरात दिवसभर हेच बोलणं, त्यामुळे मालूची पक्की समजूत झाली होती की जगाचा कायदाच तसा आहे. बदली आल्याशिवाय कोणाला कामावरून हलवता येत नाही. पोस्टमन रजेवर गेला तर बदली पोस्टमन येतो. शाळेच्या बाईंना बाळ झालं तेव्हा बदली बाई आल्या. अमावास्येला चंद्राची सुट्टी असते, तेव्हा चांदण्या बदलीला येतात.

"झाडांना कसला बदली?" काका म्हणाला. "ती काय कामाला जातात? नुसती उभी तर असतात."

"उभा तर आपला कान्हा पण असतो विकेटमागं," सिल्वेस्टर म्हणाला. सिल्वेस्टर संघाचा वेगवान गोलंदाज, आणि तोंडाने त्याहून वेगवान. "त्याला कुठं आपण काढला?"

कान्हा गावातला सर्वांत रुंद माणूस. त्याने शांतपणे सिल्वेस्टरच्या डोक्यावर टपली मारली.

"काम करतात झाडं," मालू म्हणाली. "खूप करतात. तुम्ही एक दिवस करून दाखवा. जमलं तर काढा झाडं."

आता मला सांगा, बारा माणसांसमोर कप्तानाला कोणी म्हटलं की तुम्हाला जमणार नाही, तर कप्तान काय करील? काकाने मिशीवरून हात फिरवला.

"शनिवारी," तो म्हणाला. "माझे अकरा जण राईचे बदली. संध्याकाळपर्यंत सगळं काम करून दाखवतो. मग सोमवारी कोणी रडायचं नाय."

"मी नाय रडणार," मालू म्हणाली, आणि आत्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

पंच झाली मनूआत्या. तिने एकच नियम सांगितला. "राईला मी सुट्टी देऊ शकत नाय, ती जाणार कुठं? ती तिच्या जागी राहील. तुम्ही शेजारच्या उजाड उतारावर. ती जे करील ते तुम्ही करून दाखवायचं."

शनिवारी उजाडायच्या आत संघ हजर. सगळ्यांनी स्पर्धेचे निळे टी-शर्ट घातलेले. संघाचा बारावा गडी बाळ, हा काडीसारखा बारीक मुलगा, घरून रॉकेलचं नरसाळं घेऊन आला होता. गावोगावच्या स्पर्धांत माइकवरून जशी कॉमेंट्री होते, तशी तो नरसाळ्यातून करणार होता.

"नमस्कार क्रिकेटरसिक," बाळने सुरुवात केली, "आज आमनेसामने आहेत, डोंगराच्या बाजूने खेळणारी राई, आणि गावठाणाच्या बाजूने खेळणारे आपले वाघ. नाणेफेक झालेली नाही, कारण राईकडून कोणी आलेलं नाही."

पहिलं काम होतं भोपळ्याचं. लाल भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. वेलावर दोन तऱ्हेची फुलं असतात. नुसत्या लांब दांड्यावर उभं असतं ते नरफूल. ज्याच्या खाली सुपारीएवढा इवला भोपळा असतो ते मादीफूल. नरातलं पिवळं पीठ मादीपर्यंत पोचलं तरच तो इवला भोपळा वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. हे पोचवायचं काम मधमाश्या करतात, आणि आत्याच्या वाडीत येणाऱ्या माश्या राईतल्या जांभळाच्या ढोलीत राहायच्या. राई नाही तर ढोली नाही, ढोली नाही तर माश्या नाहीत.

आत्याने अर्ध्या वेलांवर रात्रीच मच्छरदाण्या टाकून ठेवल्या होत्या, म्हणजे तिथं माश्यांना शिरता येऊ नये. ते अर्धे वेल संघाचे.

अकरा निळे गडी रांगत मच्छरदाण्यांखाली शिरले. बाहेरून दिसत होते फक्त पाय.

"बाय, झालं माझं एक," आतून कान्हा ओरडला.

आत्याने वाकून पाहिलं. "अरे, ही दोन्ही नवरदेव. नवरी शोध आधी."

झालं. लग्न हा शब्द निघाला आणि संघाला चेव आला. काकाने पुढच्या फुलाला हात लावला तो थेट मंगलाष्टकांच्या चालीत, आणि बाकीचे "सावधान" म्हणून साथ द्यायला लागले. प्रत्येक फुलाला सावधान. एकाने तर वर मिरचीची पानं अक्षता म्हणून टाकली.

"आमच्याकडे इतका वेळ लागत नाय," सिल्वेस्टर पलीकडच्या मच्छरदाणीतून म्हणाला. "फादर विचारतात, कबूल? ती म्हणते, कबूल. संपलं." तो खरंच भराभर पुढे सरकत होता. कबूल? कबूल. कबूल? कबूल.

"वऱ्हाडींना विनंती आहे," बाळ नरसाळ्यातून म्हणाला, "की त्यांनी नवरीच्या अंगावर बसू नये."

कारण कान्हा बसला होता.

तिकडे उघड्या वेलांवर माश्या गुणगुणत होत्या. कोणाचं लक्ष नव्हतं, कोणी सावधान म्हणत नव्हतं. ऊन चढायच्या आत त्या सगळ्या फुलांवरून फिरून परत ढोलीत गेल्यासुद्धा. संघाची फुलं मात्र शेवटच्या लग्नाला मिटायला लागली होती. तरी संपवली त्यांनी. मच्छरदाणीतून बाहेर आले तेव्हा सगळ्यांची नाकं पिवळी.

आत्याने वेल पाहिले. "फुलं झाली," ती म्हणाली. "वेल तुडवलेत. पण झालं म्हणजे झालं. मान्य."

संघाने एकच कल्ला केला. मालूने मात्र ओठ चावले. तिला वाटलं होतं, पहिल्याच कामात यांची दांडी उडेल.

दुसरं काम दुपारचं. सावली आणि गारवा. सिल्वेस्टरच्या मामाची मासळीची गाडी होती, तिथून भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी आली. आत्याने तिचे सारखे दोन तुकडे केले. एक परातीत घालून राईत उंबराखाली ठेवला, दुसरा उजाड उतारावर. ज्याचा बर्फ जास्त टिकेल तो जिंकला. शिवाय आत्याच्या शेळ्या संघाकडे दिल्या, त्यांनाही सावली द्यायची.

संघाने काकाच्या टेम्पोवरची ताडपत्री आणली आणि बांबूंवर धरली. सावली पडली, अगदी चौकोनी, काळीभोर. काका खूश. पण सूर्य काही एका जागी थांबत नाही. थोड्या वेळाने सावली बर्फावरून सरकून भलतीकडे पडली. मग चार बांबू, चार माणसं, एक ताडपत्री, असं सगळं लटलटत एक पाऊल सरकलं. पुन्हा सूर्य सरकला. पुन्हा हे सरकले.

"मिरवणूक निघालेली आहे," बाळ म्हणाला. "देव मात्र वितळायला लागलेला आहे."

परातीत पाणी साचत होतं. काकाने हुकूम सोडला, "वारा घाला रे." उरलेले गडी केळीची पानं घेऊन बर्फाभोवती बसले आणि जीव खाऊन वारा घालू लागले. बर्फ जास्तच पळायला लागला. ते आणखी जोरात. बर्फ आणखी जोरात.

मुलांनो, हे असं का झालं? बर्फाभोवती त्याचं स्वतःचं गार हवेचं पातळ पांघरूण असतं. ही मंडळी वारा घालून ते पांघरूण उडवत होती आणि त्या जागी मे महिन्याची तापलेली हवा आणून ठेवत होती. प्रेमाने, कष्टाने, घाम गाळून.

राईतल्या हवेची गोष्ट वेगळी. झाड मुळांनी पाणी पितं आणि पानांतून हळूहळू हवेत सोडतं. तुम्हाला घाम आल्यावर वाऱ्याची झुळूक लागली की कसं गार वाटतं, तसंच. झाडाखालची हवा त्यामुळेच निवते. आत्याने हे तिच्या शब्दांत सांगितलं. "झाडाला घाम येतो, ताडपत्रीला येत नाय."

"घामच पाहिजे होता तर आधी सांगायचं," कान्हा टी-शर्ट पिळत म्हणाला. "इथं काय कमी देतोय?"

एवढ्यात शेळ्या उठल्या. आधी म्हातारी शेळी, तिच्यामागे बाकीच्या. कोणाकडेही न बघता त्या रांगेने राईत गेल्या आणि उंबराखाली बसल्या.

"पक्षांतर," बाळ खालच्या आवाजात म्हणाला.

उतारावरच्या परातीत पाणीच उरलं. उंबराखालच्या परातीत मुठीएवढा बर्फ अजून शिल्लक होता. मालूने तो उचलून गालाला लावला आणि पहिल्यांदा हसली. एक काम गावाचं, एक राईचं. सामना बरोबरीत.

राहिलं तिसरं काम. पाण्याचं.

काकाने टेम्पोतून पाण्याची दोन पिंपं चढावर नेली होती. पहिलं पिंप राईच्या वरच्या कडेला आडवं केलं. पाणी घोंगावत आत शिरलं, वाळक्या पाल्यात घुसलं आणि दिसेनासं झालं. सगळे राईच्या खालच्या बाजूला जाऊन वाट बघत बसले. काही आलं नाही. पाला थोडा काळा पडला, मातीचा वास आला, बस्स. पाणी जमिनीत उतरलं होतं. तिथून ते सावकाश, आपल्या सवडीने, खालच्या विहिरीकडे जाणार होतं. अशा रीतीने एका पावसाळ्याचं पाणी ही राई पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरवून देत असे.

"आता तुम्ही," आत्या म्हणाली. "हे दुसरं पिंप उतारावर सोडायचं. पाणी विहिरीत धावत येता कामा नये. जागच्या जागी मुरलं पाहिजे."

उतार होता भाजलेल्या विटेसारखा. काकाने तो नजरेने मोजला, दाढी खाजवली, आणि कप्तानाला शोभेल अशी योजना केली.

"सगळे आडवे व्हा."

"काय?" सिल्वेस्टर म्हणाला.

"आडवे व्हा. डोक्याला पाय लावून, एका ओळीत. आपला बांध."

आणि खरंच, अकरा माणसं त्या उतारावर एकापुढे एक आडवी झाली. सिल्वेस्टरचे पाय काकाच्या कानाशी होते आणि मधोमध कान्हा, बांधातल्या मुख्य धोंड्यासारखा. बाळने वरून पिंप आडवं केलं.

पाणी धावत आलं. बरोबर लाल माती घेऊन आलं, वाळकी काटकी घेऊन आलं, एक घाबरलेला सरडा घेऊन आलं. सरडा कान्हाच्या पोटावर चढला आणि तिथंच राहिला. पाणी अकरा पाठींवर आदळलं, फुगलं, वळसे घेतले, आणि थांबलं.

खरंच थांबलं. निळ्या टी-शर्टच्या मागे लाल तळं साचलं.

"अडवलं," काका हळूच म्हणाला, जणू मोठ्याने बोललं तर फुटेल. "बाय, बघ. अडवलं."

आत्याने वाकून पाहिलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "अडवलंय खरं," ती म्हणाली.

मालूला रडू फुटायला आलं. ती नाही रडणार असं म्हणाली होती, म्हणून तिने आकाशाकडे पाहिलं.

त्याच वेळी पाऊलवाटेने तिचे बाबा आले. पहिली पाळी सुटली होती, अंगावर खाकी कपडे, हातात जेवणाचा डबा. उतारावर पडलेल्या अकरा माणसांकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"काय रे," ते म्हणाले, "पंगत बसायची सोडून झोपली कशी?"

"आम्ही बदली आहोत, चंदू," काका चिखलातून म्हणाला. "राईचे. आणि जिंकलोय."

बाबांनी डबा खाली ठेवला. बदली म्हटल्यावर ते उकिडवे बसले, अगदी आपुलकीने. "छान. मग पाळी कधी सुटणार तुमची?"

"पाणी मुरलं की."

"आणि मुरणार कधी?"

सगळ्यांनी तळ्याकडे पाहिलं. तळं होतं तसंच होतं. भाजलेल्या विटेत पाणी मुरायला वेळ लागतो.

"माझ्या पाठीत मुंग्या शिरल्यात," एक गडी म्हणाला.

"हलू नको," काका म्हणाला. "हललास तर फुटेल."

"उद्या दिव्याला मॅच आहे," सिल्वेस्टर म्हणाला. "इथूनच जायचं का, झोपून?"

"दिव्यात पाणी नसतं," कान्हा म्हणाला. "तळं घेऊनच जाऊ."

आता सरड्यासकट सगळा बांध हसायला लागला, आणि बांध हसला की गळतो. इकडून एक ओहोळ सुटला, तिकडून एक. "हसू नका," काका हसत हसत ओरडत होता.

"मला लागलीय," कान्हा अखेर म्हणाला. "मला उठलंच पाहिजे."

"बदली द्या त्याला," बाबा म्हणाले. "नियमच आहे. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाय."

बदली होता एकच, बारावा गडी. बाळ नरसाळं ठेवून आला आणि कान्हाच्या शेजारी आडवा झाला. कान्हा उठला.

तुम्ही मनाशी कान्हा आठवा. आता बाळ आठवा. कान्हाच्या जागी बाळ म्हणजे दरवाजाच्या जागी काठी. सगळं तळं त्या मोकळ्या जागेतून एकदम सुटलं, बाळला उचललं, भोपळ्याच्या वेलांवर आणून टाकलं आणि तसंच पुढे विहिरीकडे निघालं.

मालू तोवर धावलीसुद्धा. राईच्या कडेला आत्याची टोपली होती. तिने दोन्ही हातांनी वाळका पाला टोपलीत कोंबला आणि विहिरीच्या तोंडाशी पाण्यात ओतला, पुन्हा धावली, पुन्हा ओतला. बाबा धावले, आत्या धावली, चिखलाचे गडी धावले. पाल्यात शिरल्यावर पाण्याचा जोर मोडला. तरी एक लाल जीभ विहिरीच्या काठावरून आत गेलीच. तळाशी नितळ पाण्यात लाल ढग पसरताना सगळ्यांनी वाकून पाहिला.

आता कोणी हसलं नाही.

"हे एक पिंप," काका म्हणाला. त्याने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. "आणि पावसात?"

"पावसात पिंप नसतं, गोम्या," आत्या म्हणाली. "पाऊस असतो."

काका तसाच उभा राहिला. मिशीतून चिखल ठिबकत होता. "पावसाळाभर झोपून राहावं लागेल," तो म्हणाला. "आणि सकाळी भोपळ्यांची लग्नं."

"दुपारी ताडपत्री," सिल्वेस्टर म्हणाला.

"बदलीला रोज यावं लागतं, दादा," बाबा म्हणाले. "आणि कायमचा माणूस परत आला तर बदलीची सुटका होते. झाड कापल्यावर परत कुठून येणार?"

काकाने हाताने तोंड पुसलं, त्यामुळे ते आणखी लाल झालं. मग तो बाळकडे वळला. बाळ अजून भोपळ्यांतून बाहेर येत होता. "वखारीवर जाऊन सांग, सोमवारी येऊ नका म्हणावं. झाडांची सुट्टी नामंजूर."

मालूने आत्याच्या लुगड्याला इतकी घट्ट मिठी मारली की आत्याचा तोल गेला, आणि दोघी पाल्यात बसल्या. तिथंच बसून हसल्या. मग सगळेच राईत शिरले आणि उंबराखाली शेळ्यांशेजारी पसरले. कोणीतरी म्हणालं, आई गं, काय गार आहे. आत्याने सगळ्यांना पाणी दिलं, अर्थात माठातलं.

काका पानांतून वर बघत म्हणाला, "सगळं खरं. पण आम्ही खेळायचं कुठं?"

तो रागाने म्हणाला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. कळव्याला मैदान होतं, दिव्याला मैदान होतं.

मालू उठली. तिने आत्याच्या कमरेची चंची सोडली, त्यातून पानाला लावायच्या चुन्याची डबी काढली आणि बोटभर चुना घेतला. मग ती ऐनाच्या जाड, काळ्या, भेगाळलेल्या खोडापाशी गेली आणि त्यावर तीन उभ्या पांढऱ्या रेघा ओढल्या. मधली वाकडी आली, ती फ्रॉकच्या टोकाने पुसली आणि पुन्हा ओढली.

"करंजाला लागला तर चार," ती म्हणाली. "उंबराला दोन. आणि पानांतून खाली येताना कोणी झेलला तर आऊट. कान्हादादा, उभा राहा."

कान्हा टेम्पोतली बॅट घेऊन ऐनापुढे उभा राहिला. तीनही रेघा त्याच्यामागे झाकल्या गेल्या.

काकाने खिशातून चिखलाने माखलेला चेंडू काढून दिला. मालूने तो पोटावर घासून पुसला, जांभळापर्यंत मागे गेली, वळली, आणि पाला उधळत धावत सुटली.